पारेबाईंची लाल चादर

पारेबाईंचं खरं आडनाव पारे नव्हतं. पण एकतीस वर्षं एका काचेच्या नळीतल्या पाऱ्यावर डोळे लावून बसलेल्या बाईला गाव दुसरं काय म्हणणार? बंदरातल्या हवामान कचेरीत त्या निरीक्षक होत्या. निरीक्षक म्हणजे फार मोठं काही समजू नका. ठरलेल्या वेळी नळीतला पारा बघायचा, वारा कुठून येतोय ते बघायचं, आभाळ किती भरलंय ते ठरवायचं, आणि हे सगळं एका लांबट वहीत लिहून मुख्यालयाला फोनवर कळवायचं. पगार बेताचा आणि मान त्याहून बेताचा. रस्त्यात भेटणाऱ्याला त्यांच्याशी एवढंच बोलायचं असे, "बाई, आज कपडे वाळतील ना?"

"मी फक्त आत्ताचं सांगते," बाई म्हणत. "पुढचं सांगणारे वर बसलेत."

खरं म्हणजे पुढचंही त्यांना बरंच कळायचं. हवेला वजन असतं, हे आपण सगळे शाळेत शिकतो आणि परीक्षा झाली की विसरतो. बाई विसरल्या नव्हत्या. हवा जिथे जड असते तिथून ती हलकी असलेल्या जागेकडे सरकते, त्या सरकण्यालाच वारा म्हणतात, बाकी त्यात काही जादू नाही. शाळा सुटली की पोरं दाराकडे धावतात तशी. फक्त पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे ही पोरं सरळ दाराशी जात नाहीत, वळसा घेत जातात. हे सगळं बाईंनी त्यांच्या धाकट्या भावाला तो नऊ वर्षांचा असताना समजावलं होतं. आई लवकर गेली, भाऊ अकरा वर्षांनी लहान, त्यामुळे त्याचा अभ्यास, डबा, आजारपण सगळं ताईनेच काढलं. त्याला धक्क्यावर उभा करून त्या म्हणायच्या, "वाऱ्याकडे पाठ कर. आता डावा हात आडवा धर. हात दाखवतोय ना, तिकडे हवा हलकी आहे. वाईट जे काही यायचं ते तिकडे बसलेलं असतं."

भाऊ मोठा झाला आणि आखात ओलांडणारी प्रवासी बोट चालवायला लागला. साठ माणसं, तीन तासांचा प्रवास, पलीकडे मोठं गाव, मोठं इस्पितळ. रस्त्याने जायचं तर डोंगराला वळसा घालून नऊ तास. त्याची बोट सकाळी अकराला सुटायची. त्या वेळेपर्यंत जमीन तापलेली असते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरचा गार वारा येतो. रोजचा, शहाणा, ओळखीचा वारा. तो आला की भाऊ म्हणे, "चला, सगळं ठीक आहे."

आणि ठीक नसेल तेव्हासाठी त्या दोघांची एक खूण होती. पारा वाईट पडला, की बाई कचेरीच्या खिडकीच्या गजांना एक लाल चादर बांधायच्या. ती धक्क्यावरून दिसायची. चादर दिसली की बोट सुटायची नाही. ना कागद, ना शिक्का, ना कुणा साहेबाची सही. वीस वर्षांत ती चादर सात वेळा लागली होती. त्यातली शेवटची वेळ चार वर्षांपूर्वीची.

त्या दिवशी भावजयीला सातवा महिना होता. तिच्या पोटात दोन दिवस दुखत होतं, आणि अकराच्या बोटीने पलीकडच्या इस्पितळात जायचं ठरलं होतं. पारा पडला. बाईंनी चादर बांधली. भावाने वर बघितलं, बोटीचे दोर पुन्हा बांधले आणि बायकोला घरी परत नेलं. आणि वादळ आलंच नाही. समुद्रातल्या समुद्रात वळून निघून गेलं. दुपारी असं लख्ख ऊन पडलं की लोकांनी पापड वाळत घातले असते. रात्रभर कळा काढून भावजय दुसऱ्या दिवशी डोंगराच्या रस्त्याने गेली, आणि बाळ राहिलं नाही. पुन्हा मूल झालंही नाही.

भाऊ एका शब्दाने बोलला नाही. घरी यायचा, जेवायचा, "बरी आहेस ना ताई?" विचारायचा. पण बोट सोडताना खिडकीकडे बघायचं त्याने बंद केलं. तो रेडिओवरच्या बातमीपत्रावर बोट सोडायला लागला. भावजय धक्क्यावरच्या तिकीटखिडकीत बसायची. ती भेटली की "वन्सं, जेवलात का?" एवढंच विचारायची, त्यापुढे नाही. बाईंनी चादर घडी करून कचेरीच्या कपाटात, जुन्या वह्यांच्या खाली ठेवून दिली. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना कितीदा वाटलं.

दीड महिन्यापूर्वी कचेरी धक्क्यामागच्या टेकाडावरल्या जुन्या बैठ्या खोलीतून बंदराच्या नव्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर हलली. त्याच वेळी मुख्यालयाने मागच्या अंगणात एक स्वयंचलित यंत्र बसवलं. पांढरी पेटी, तारेचं सील, कुलूप. ते आपलं आपणच मोजायचं आणि आपलं आपणच मुख्यालयाला कळवायचं. सोबत हुकूम आला: नळी आणि यंत्र यांच्या आकड्यांत फरक पडला तर वहीत यंत्राचा आकडा लिहावा. बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. त्यांनी हुकूम भिंतीला चिकटवला आणि शिपायाला म्हणाल्या, "आता आपण दोघं इथे शोभेला."

"मी आधीपासूनच शोभेला आहे," शिपाई म्हणाला. हा शिपाई बाईंच्याच वयाचा, गुडघ्याने अधू आणि तोंडाने तरणाताठा.

त्या दिवशी सकाळी सात वाजता बाईंनी रोजच्यासारखी नळीला नखाने दोनदा टिचकी मारली आणि पारा बघितला. मजल्याच्या उंचीची आणि खोलीच्या उष्णतेची दुरुस्ती केली. एक हजार दोन पूर्णांक सहा मिलिबार. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. आदल्या दिवशी याच वेळेला एक हजार सात होते. मग त्यांनी टेबलावर ठेवलेला यंत्राचा पडदा बघितला. एक हजार आठ पूर्णांक एक.

त्यांनी मुख्यालयात साहेबांना फोन लावला. साहेब चांगले होते, तरुण होते, आणि त्यांना सगळं माहीत होतं.

"बाई, तुमची नळी हलवताना तिच्यात हवा शिरली असणार," साहेब म्हणाले. "हवा शिरली की पारा खाली दिसतो. सामान हलवताना होतंच असं."

"पण यंत्र तीन दिवस एका जागी आहे साहेब. आठ आणि आठच्या आसपास. जराही वरखाली होत नाही."

"नवी यंत्रं स्थिर असतात बाई. हुकूम आहे ना तुमच्याकडे? यंत्राचा आकडा लिहा."

आणि इथे बाईंनी जे केलं ते मी झाकून ठेवणार नाही. नळीत हवा शिरली आहे का, हे तपासायची एक साधी रीत आहे, आणि ती त्यांना झोपेतही आली असती. त्यांनी ती केली नाही. वहीत स्वच्छ अक्षरात एक हजार आठ पूर्णांक एक लिहिलं, फोनवर तसंच कळवलं, आणि चहा घेतला. त्या आकड्यावर मुख्यालयाचं बातमीपत्र निघालं: आखातात हवा निरभ्र, वारा मंद, प्रवासी बोटींना हरकत नाही.

चहा घशाखाली उतरला, पण जीव काही जागेवर येईना. कपातली वाफ सरळ दोरीसारखी वर जात होती. तिसऱ्या मजल्यावर खिडक्या उघड्या असूनही एक दार आपटत नव्हतं, एक कागद उडत नव्हता. न्हाणीघरातल्या मोरीला वास यायला लागला होता. वरच्या हवेचं ओझं कमी झालं की गटारात कोंडलेला वास वर येतो. लोक त्याबद्दल सफाईवाल्याला शिव्या देतात.

"आज समुद्र झोपलाय," शिपाई खिडकीशी उभा राहून म्हणाला.

बाई त्याच्या शेजारी आल्या. पाणी तेलासारखं गुळगुळीत होतं. पण दर बारा-तेरा सेकंदांनी एक लांबलचक, रुंद लाट कुठूनशी यायची, फेस नाही, आवाज नाही, आणि धक्क्याच्या खांबांवर चढून हळूच उतरायची. इथे वाऱ्याचा पत्ता नव्हता. म्हणजे या लाटा दुसरीकडे कुठेतरी वाऱ्याने उठवल्या होत्या आणि त्या त्याच्या आधी येऊन पोचल्या होत्या.

"गुडघा कसा आहे तुमचा?" बाईंनी विचारलं.

"विचारू नका. रात्रीपासून ठणकतोय."

बाईंनी घड्याळाकडे बघितलं. नऊ वाजले होते. आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास चढता, दुपारी चारला उतरता, हे इतकं नेमाने चालतं की बाई त्यावर घड्याळ लावू शकल्या असत्या. सात ते दहा हा पारा चढायचा वेळ. त्यांनी नळीला टिचकी मारली. एक हजार पूर्णांक नऊ. चढायच्या वेळी पारा पावणेदोन मिलिबारांनी उतरला होता. नळीत हवा शिरली असती तर पारा एकदाच खाली गेला असता आणि रोजच्यासारखा चढ-उतार तिथून पुढे करत राहिला असता. तो असा पायऱ्या उतरत गेला नसता.

"दार लावून घ्या," बाई म्हणाल्या. शिपायाने दार लावलं.

बाईंनी नळी दोन्ही हातांनी धरून अगदी हळू तिरकी केली. तिरकी केली की पारा वर सरकत टोकाला जाऊन भिडतो. वर खरंच पोकळी असेल तर तो काचेवर टणकन वाजतो. हवा असेल तर मऊ, मुका आवाज येतो. पारा सरकत गेला आणि टणकन वाजला. शिपायालासुद्धा ऐकू आलं.

मग दोघं मागच्या अंगणात गेले. पेटीच्या तळाला हवा आत घ्यायचं बोटाएवढं एक छिद्र होतं. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी खालून बोट घातलं. बोटाला माती लागली. कुंभारीण माशीने छिद्राच्या तोंडात घर बांधलं होतं, चांगलं घोटून, चोपडं केलेलं. तीन दिवस यंत्र पेटीत कोंडलेली तीच जुनी हवा मोजत बसलं होतं. बाईंनी डोक्यातली पिन काढून माती फोडली. आत हिस्स असा बारीक आवाज झाला. वर येऊन पडदा बघितला, तर आकडा नळीच्या आकड्याला येऊन टेकला होता.

साहेबांना फोन लागायला दहा वाजले.

"सीलबंद यंत्राला हात लावलात?" साहेबांचा पहिला प्रश्न.

"छिद्राला लावला. लेखी खुलासा नंतर देते. साहेब, अकराची बोट थांबवा. इशारा द्या."

"बाई, नकाशावर लांब समुद्रात ढगांचा एक पुंजका आहे, एवढंच. आणि तुमच्याच कचेरीचा सकाळचा आकडा एक हजार आठ आहे. तुम्हीच कळवलेला. तो कागदावर असताना मी कशाच्या जोरावर इशारा देऊ? वर विचारतो. दुपारपर्यंत कळवतो."

बाईंनी फोन ठेवला. स्वतःच्या हाताने लिहिलेला आकडा असा समोर येऊन उभा राहील, हे त्यांना सकाळी चहा पिताना कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं. त्यांनी भावाला फोन लावला. इंजिन चालू असल्यामुळे त्याला दोनदा मोठ्याने बोलावं लागलं.

"ताई, रेडिओवर तर काही नाही. आभाळही साफ आहे."

"पारा पडतोय. चढायच्या वेळी पडतोय. समुद्राचा रोजचा वारा आला का तुला?"

"नाही आला. येईल." मग म्हणाला, "आज बोटीत दोन पेशंट आहेत. एक म्हातारा, त्याचं उद्या ऑपरेशन आहे. तुझी खात्री आहे का?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. "खात्री कधीच नसते," त्या म्हणाल्या.

"त्या वेळीही नव्हती," भाऊ म्हणाला. चार वर्षांत पहिल्यांदा. आवाजात राग नव्हता. "ठेवतो ताई. गर्दी आहे."

पावणेअकराला पारा नऊशे अठ्ठ्याण्णव. बाईंनी कपाट उघडलं, जुन्या वह्या जमिनीवर काढल्या आणि चादर ओढली. घडीच्या रेघांवर ती विटली होती. खिडकीच्या गजांना त्यांनी तिची टोकं बांधली. शिपायाने एक गाठ बांधून दिली. चादर निपचित लोंबत राहिली.

हवा इतकी थिजलेली होती की खालचं बोलणं तिसऱ्या मजल्यावर शब्दन् शब्द ऐकू येत होतं. लोक बोटीत चढले होते. भाऊ सुकाणूपाशी होता, पाठ इमारतीकडे. त्याने वर बघितलं नाही. शेवटचा दोर सोडायला माणूस वाकला. तेवढ्यात तिकीटखिडकीची फळी धाडकन खाली पडली. भावजय बाहेर आली. तिने एकदा वर खिडकीकडे बघितलं, तशीच चालत धक्क्याच्या टोकाला गेली आणि दोर बांधायच्या लोखंडी खुंट्यावर, दोराच्या वेटोळ्यावर बसून राहिली.

"उठा ताई, दोर सोडायचाय," माणूस म्हणाला.

"नाही उठणार."

बोटीत कुजबुज झाली, मग आरडाओरडा. भाऊ धक्क्यावर आला. "अगं, काय चाललंय हे? लोक बघतायत."

"बघू देत. तुम्ही पण बघा. वर."

भावाने मान वर केली. बाई खिडकीत उभ्या होत्या. त्यांना हात हलवावासा वाटला, पण हलवला नाही. तो बराच वेळ बघत राहिला.

"रेडिओवर काही नाही," तो बायकोला म्हणाला, पण आवाज उतरला होता.

म्हाताऱ्या पेशंटचा मुलगा फाईल घेऊन पुढे आला. "उद्या ऑपरेशन आहे त्यांचं. उशीर होऊन काही बरंवाईट झालं तर कोण जबाबदार?"

"मी," भावजय म्हणाली. "मला शिव्या द्या, पोलिसात द्या. मी एकदा अशीच थांबले होते दादा. थांबल्याने काय होतं ते मला नका शिकवू."

भावाने आत जाऊन इंजिन बंद केलं.

पुढचा दीड तास बाईंच्या वाट्याला आला तसा कुणाच्याही वाट्याला येऊ नये, असं मी म्हणेन. ऊन कडक होतं. आभाळात एक ढग नव्हता. लोक धक्क्यावर सावली शोधत फिरत होते आणि चादरीकडे बोट दाखवत होते. "त्याच बाई ना? मागच्या वेळच्या?" हे स्पष्ट ऐकू आलं. रेडिओने बाराला तेच बातमीपत्र पुन्हा वाचलं, हवा निरभ्र, वारा मंद. कुणीतरी हसलं. म्हातारा पेशंट तिकीटखिडकीच्या पायरीवर डोळे मिटून बसला होता. भावजयीने त्याला पाणी दिलं आणि पुन्हा खुंट्यावर जाऊन बसली.

वादळ यावं असं बाईंना मनापासून वाटत होतं, आणि त्याची त्यांना लाज वाटत होती. ते येणार म्हणजे कुणाचं छप्पर जाणार, कुणाची होडी जाणार. नाही आलं तर तो म्हातारा वाचेल का, आणि नाही वाचला तर भावजय उभ्या गावासमोर काय तोंड दाखवेल? त्यांनी दर पंधरा मिनिटांनी पारा बघितला. नऊशे सत्त्याण्णव. शहाण्णव. पंचाण्णव.

बारा चाळीसला चादर हलली. खोलीच्या बाजूने फुगून बाहेरच्या बाजूला गेली. बाई उठल्या. रोजचा वारा समुद्राकडून खोलीत यायचा. हा जमिनीकडून आला होता आणि समुद्राकडे ओढला जात होता. त्या वाऱ्याकडे पाठ करून खिडकीत उभ्या राहिल्या आणि डावा हात आडवा केला. हात दीपगृहापलीकडच्या समुद्राकडे गेला. अकराला सुटलेली बोट याच सुमाराला दीपगृहाच्या खडकापाशी असते. खाली धक्क्यावर भाऊही वाऱ्याकडे पाठ करून उभा होता, आणि त्याचाही डावा हात वर गेलेला होता.

क्षितिजाची रेघ जाड झाली. मग काळी झाली. बंदरातल्या कावळ्यांनी एकदम आवाज बंद केला. भावाने ओरडून सगळ्यांना इमारतीत घेतलं, म्हाताऱ्याला त्याच्या मुलाने आणि एका खलाशाने खुर्चीसकट उचललं. सव्वाएकला वाऱ्याने दिशा बदलली आणि समुद्र धक्क्यावर आला. दीपगृह दिसेनासं झालं. पावसाचं पाणी आडवं येऊन भिंतीवर आदळत होतं आणि भर दुपारी दिवे लावावे लागले. दिवे दहा मिनिटं टिकले.

तळमजल्यावर साठ माणसं कोंडून बसली होती. जिन्यात पावलं वाजली आणि भावजय वर आली. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली. शिपायाने तिला आपलं स्टूल दिलं आणि जिन्यात जाऊन बसला. मघाशी फोन एकदा वाजून बंद पडला होता. साहेब असावेत.

"वन्सं," भावजय म्हणाली, "एक विचारू? त्या दिवशी पारा खरंच पडला होता?"

बाईंना वाटलं होतं, हा प्रश्न कधीतरी भाऊ विचारेल. जमिनीवर काढून ठेवलेल्या वह्यांतून त्यांनी एक उचलली, पान काढलं आणि विजेरी धरली. "हे बघ. सातला नऊशे नव्व्याण्णव. नऊला सत्त्याण्णव. खरंच पडला होता. वादळ वळलं. ते का वळलं, ते मला आजही सांगता येत नाही."

भावजयीने त्या आकड्यांवरून ओलं बोट फिरवलं. अक्षर जरा फिसकटलं. "मला वाटायचं, तुम्ही उगाच घाबरून लावली असेल," ती म्हणाली. "मग ठीक आहे." ती रडली नाही. मग तिचं लक्ष टेबलावरच्या आजच्या वहीकडे गेलं. सातच्या रकान्यात एक आकडा आडव्या रेघेने कापला होता, वर दुसरा लिहिला होता आणि शेजारी बाईंची सही होती. कचेरीच्या वहीत खाडाखोड करायची ही रीत होती: चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नाही, तो वाचता आला पाहिजे.

"हे काय कापलंय?"

"माझी चूक. सकाळी मी यंत्राचा आकडा लिहिला. तो खोटा आहे हे मला कळत होतं. नळी तपासली असती तर दोन मिनिटांत सिद्ध झालं असतं. रेडिओवर जे चाललं होतं ना, ते माझ्या आकड्यावर चाललं होतं."

"मग तपासली का नाही?"

"तपासली असती तर चादर बांधावी लागली असती."

खिडकीची तावदानं वाजत राहिली. "ह्यांनी वर बघायचं सोडलं," भावजय म्हणाली. "मी नाही सोडलं वन्सं. चार वर्षं रोज बघत होते. चादर नाही ना, बघायचे, आणि मग ह्यांना जाऊ द्यायचे. तुम्ही तिथे आहात म्हणून."

बाईंनी तोंडावर पदर घेतला. भावजय उठून जवळ आली नाही आणि दूरही गेली नाही.

"पुन्हा असं करू नका," ती म्हणाली. "आता किती आहे?"

बाईंनी डोळे पुसले, विजेरी नळीवर धरली आणि नखाने दोनदा टिचकी मारली. "नऊशे एकोणनव्वद. अजून उतरतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे हे काहीच नाही. मुख्य अजून यायचंय."

त्यांनी वेळ घातली, आकडा लिहिला. बाहेर चादर पिसाटासारखी फडफडत होती. तिची एक कड फाटून लोंबत होती, शिपायाने बांधलेली गाठ तेवढी हलली नव्हती. निदान उरलेली तरी वाचवावी म्हणून बाई खिडकीकडे गेल्या आणि गाठीला हात घातला.

"राहू द्या," भावजय मागून म्हणाली. खाली, पाण्याने भरलेल्या धक्क्यावर, भाऊ एका खांबाला धरून उभा होता. बोट दोराला हिसके देत होती, एक दोर तुटला होता, आणि ती वाचवायला तो बोटीकडे पाऊल टाकत होता. मग त्याने पावसातून मान वर केली. "राहू द्या, वन्सं. ते बघतायत."